विमान समोर उभं असतं, आकाश निरभ्र असतं, तरी उशीर का होतो?

प्रश्न थोडक्यात असा: विमान गेटवर उभं दिसतं, आकाश स्वच्छ असतं, तरी ‘ऑपरेशनल कारणांमुळे’ उशीर असल्याची घोषणा होते. आधी अर्धा तास, मग आणखी अर्धा तास, आणि चार तासांनी उड्डाणच रद्द. कंपनी खरं कारण लपवते का? आणि हे सगळं ठरवतं कोण?

मी विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये, म्हणजे सगळ्या उड्डाणांवर नजर ठेवणाऱ्या खोलीत, काम करते. आधी बरीच वर्षं डिस्पॅचर म्हणून फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि इंधन ठरवणारे आराखडे, काढले, आता शिफ्टची प्रमुख म्हणून बसते. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं सरळ उत्तर सहसा कुणी देत नाही. ठरवतो आम्ही. उड्डाण सुरक्षित आहे की नाही याबाबत कॅप्टनचा शब्द अखेरचा. त्यात आम्ही ढवळाढवळ करत नाही. उशीर कुठूनही येतो, हवामानातून, बिघाडातून, कुणाच्या आजारपणातून. पण तो कोणत्या फ्लाइटच्या प्रवाशांच्या वाट्याला जाईल, हे बऱ्याचदा आमच्या खोलीत ठरतं. तुमच्या विमानात काहीही बिघडलेलं नसताना तुम्ही तीन तास ताटकळता, तेव्हा तो उशीर बहुधा दुसऱ्या कुणाचा असतो आणि आम्ही तो जाणूनबुजून तुमच्याकडे सरकवलेला असतो. गेटवर ज्यांच्यावर सगळे ओरडतात त्या कर्मचाऱ्यांना हे कळतं ते तुमच्याआधी फार तर पाच मिनिटं.

हे समजायला एका विमानाचा दिवस बघा. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ जातीचं विमान कमी अंतराच्या मार्गांवर दिवसाला पाच-सहा सेक्टर, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणारी उड्डाणं, सहज करतं. दोन सेक्टरांमध्ये टर्नअराउंड असतो २५ ते ४५ मिनिटांचा. तेवढ्यात प्रवासी उतरायचे, केबिन साफ व्हायची, खाणंपिणं चढायचं, इंधन भरायचं, पोटातलं सामान निघून नवं जायचं, वैमानिकाने बाहेरून फेरी मारून टायर, पंख, इंजिनं बघायची आणि नवे प्रवासी बसायचे. यातली बरीचशी कामं एकाच वेळी चालतात, म्हणून तर हे जमतं. पण एक काम रखडलं की वाचवायला जागा जवळजवळ नसते. सकाळच्या पहिल्या सेक्टरला ४० मिनिटं गेली, तर संध्याकाळी पाचव्या सेक्टरचा प्रवासी त्याची किंमत मोजतो. त्याच्या शहरात दिवसभर ऊन असलं तरी.

वेळापत्रकात थोडी ढील ठेवलेली असते. गेटवरून मागे सरकण्यापासून पोचल्यावर गेटवर उभं राहीपर्यंतचा जो वेळ छापतात, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तो खऱ्या लागणाऱ्या वेळेपेक्षा काहीसा जास्त धरलेला असतो. म्हणून वीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं आणि लोकांना वाटतं वैमानिकाने दामटलं. जेट विमान दामटून जेमतेम काही मिनिटं मिळतात, इंधन मात्र भरपूर जातं. आणि ‘वेळेवर’ म्हणजे काय, तर ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत. बहुतेक कंपन्यांची वक्तशीरपणाची टक्केवारी या मापाने काढलेली असते.

आमच्याकडे उशिराच्या प्रत्येक मिनिटाला एक धनी लागतो. त्यासाठी ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ठरवलेले दोन अंकी कोड आहेत. ३६ म्हणजे इंधन, ४१ म्हणजे विमानातला बिघाड, ७२ म्हणजे पोचण्याच्या ठिकाणचं हवामान, ८१ म्हणजे वाटेतल्या हवाई क्षेत्रातली गर्दी. सगळ्यात जास्त वेळा दिसतो तो ९३: मागच्या फ्लाइटवरून विमान उशिरा आलं. युरोपातल्या आकडेवारीत उशिराच्या एकूण मिनिटांपैकी निम्म्याच्या आसपास मिनिटं अशी मागून वाहत आलेली असतात. रोज सकाळच्या बैठकीत या कोडांवरून जी भांडणं होतात, ती बघण्यासारखी असतात. ग्राउंड हँडलिंगवाले म्हणतात इंधनाचा टँकर उशिरा आला, इंधनवाले म्हणतात वैमानिकांनी आकडाच उशिरा दिला, आणि वैमानिक म्हणतात ऑपरेशन्स कंट्रोलने फ्लाइट प्लॅन शेवटच्या क्षणी बदलला. तिघंही खरं बोलत असतात.

आता मुख्य गोष्ट. समजा संध्याकाळचे पाच वाजलेत. एका विमानाच्या हायड्रॉलिक लाइनला गळती सापडली, इंजिनिअर म्हणतोय तीन तास लागतील. ते विमान सहा वाजता १८० प्रवाशांना घेऊन ब शहराला जाणार होतं आणि त्यातल्या साठ जणांना तिथून रात्रीची लांब पल्ल्याची विमानं पकडायची आहेत. शेजारच्या गेटवर दुसरं विमान तयार उभं आहे, ते साडेसहाला १५० प्रवाशांना घेऊन क शहराला जाणार. क हे त्यांचं शेवटचंच ठिकाण, पुढे कुणाला काही पकडायचं नाही. आम्ही काय करणार? तयार विमान ब शहराला देणार आणि क शहराच्या लोकांना गळतीवाल्या विमानाची वाट बघायला लावणार. याला आम्ही टेल स्वॅप म्हणतो. क शहराच्या प्रवाशांना काचेतून दिसतं की आपल्या गेटवर उभं असलेलं विमान दुसऱ्यांनाच घेऊन गेलं. घोषणेत येतं, ‘ऑपरेशनल कारण’. ते खोटं म्हणता येणार नाही, पण खरंही पुरतं नाही. ‘तुमचं विमान आम्ही दुसऱ्यांना दिलं, कारण त्यांचं जास्त नुकसान होणार होतं’ असं सांगायला कंपन्या घाबरतात. माझ्या मते सांगावं. लोक चिडतील, पण फसवलं गेल्याची जी चीड असते तिच्यापेक्षा ती बरी.

असं ठरवताना पडद्यावर बऱ्याच गोष्टी एकदम बघाव्या लागतात. त्या विमानाचे आज अजून किती सेक्टर उरलेत? ज्याचे चार उरलेत त्याला उशीर दिला तर पुढे चार फ्लाइट बिघडतात. ज्याचा शेवटचा सेक्टर आहे त्याला दिला तर एकच. पोचण्याच्या विमानतळावर रात्रीची बंदी आहे का? फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५, सिडनीला रात्री ११ ते सकाळी ६ अशी बंदी असते. तिथे जाणारं विमान उशिरा चालतच नाही. कोणत्या विमानाला आज रात्री हँगरमध्ये ठरलेल्या तपासणीसाठी पोचायलाच हवं? कोणत्या मार्गावर आज आणखी फ्लाइट आहेत? दिवसाला सहा फ्लाइट असलेल्या मार्गावरची एक रद्द करणं सोपं, कारण लोकांना पुढच्यात बसवता येतं. दिवसातून एकच असेल तर ती आम्ही कितीही उशिरा का होईना, न्यायला बघतो. वेळापत्रक निवडताना प्रवाशांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

रद्द करायची वेळ आली तर बहुधा जोडी रद्द होते, जाणारी आणि तिथून परत येणारी. एकच रद्द केली तर विमान चुकीच्या शहरात अडकतं. म्हणून तुमच्या गावी हवामान छान, तुम्ही जाणार तिथेही छान, आणि तरी फ्लाइट रद्द, असं होऊ शकतं. तुमचा सेक्टर फक्त त्या जोडीतला दुसरा असतो.

पैशाचा हिशेब असतो का? असतो. युरोपात २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमाने आणि त्यावर २००९ मध्ये आलेल्या युरोपीय न्यायालयाच्या निकालाने असं ठरलं की कंपनीच्या अखत्यारीतल्या कारणाने तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात, तर अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई मिळते. नियम प्रवाशांच्या बाजूचा आहे आणि चांगलाच आहे. पण त्याचा एक तिरका परिणाम होऊ शकतो: दोन तास पन्नास मिनिटांवर असलेली फ्लाइट वाचवायला कंपनी जिवाचं रान करते, आणि जी तीन तास वीस मिनिटांवर गेली तिची घाई थोडी कमी होते. एखाद्या कंट्रोल रूममध्ये हे कुणी मोठ्याने बोलणार नाही. पडद्यावर तो आकडा मात्र असतो.

तरीही प्रवाशांना सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट वेगळीच असते: चार तास बसवलं, विमान दुरुस्त झालं, आणि मग म्हणाले रद्द. इथे कारण जवळजवळ नेहमी क्रूचे तास. वैमानिक आणि केबिन क्रू ड्यूटीवर हजर झाले की घड्याळ सुरू होतं. युरोपीय नियमांत मूळ कमाल मर्यादा १३ तासांची आहे आणि ड्यूटी किती वाजता सुरू झाली, किती सेक्टर आहेत, यावरून ती कमी होत जाते. अमेरिकेत दोन वैमानिकांच्या क्रूसाठी ९ ते १४ तासांचं कोष्टक आहे. अमेरिकेतले सध्याचे नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले, आणि त्यामागे १२ फेब्रुवारी २००९ चा बफेलोजवळचा कोलगन एअरच्या ३४०७ फ्लाइटचा अपघात होता. ५० माणसं गेली. तपासात वैमानिकांचा थकवा हा विषय पुढे आला आणि मृतांच्या कुटुंबीयांनी पाठपुरावा सोडला नाही.

या नियमाचा स्वभाव डोंगराच्या कड्यासारखा आहे. तास संपताना विमान हवेत असून चालत नाही, म्हणजे उड्डाणापूर्वीच हिशेब करावा लागतो की गेटवर पोचेपर्यंत मर्यादेत बसतोय का. रात्री ९ वाजून १० मिनिटांनी निघालो तर बसतं, ९ वाजून २० मिनिटांनी बसत नाही. अनपेक्षित अडचण आली तर कॅप्टन ठरावीक मर्यादेत, सहसा दोन तासांपर्यंत, ड्यूटी वाढवू शकतो. पण युरोपीय नियमांत तो अधिकार पूर्ण त्याचा. ‘तुमच्या क्रूला कसं वाटतंय?’ एवढंच आम्ही विचारायचं, आणि तो नाही म्हणाला की विषय संपला. जी कंपनी इथे दुसरा फोन करते तिच्या विमानात मी बसणार नाही.

मग दुसरा क्रू का आणत नाही? स्टँडबाय, म्हणजे राखीव, क्रू असतो, पण मोजका, आणि तो मुख्य तळावर असतो. तुम्ही तळापासून दूरच्या विमानतळावर अडकला असाल तर तो क्रू आधी तिथवर पोचायला हवा. तळावर असला तरी फोन करून, घरून निघून, ब्रीफिंग होऊन विमानात बसेपर्यंत तास-दीड तास जातो. ए३२० चा वैमानिक ७३७ उडवू शकत नाही, परवाना त्या-त्या विमानाचा असतो. केबिन क्रूचंही गणित आहे. बहुतेक देशांत दर ५० आसनांमागे किमान एक असा नियम आहे, आणि तो बसलेल्या प्रवाशांवर नाही, विमानात बसवलेल्या आसनांवर मोजतात. १८० आसनांच्या विमानाला चार लागतात. त्यातल्या एकीला ऐनवेळी ताप आला तर विमान अर्धं रिकामं असूनही ते उभंच राहतं.

कोणता क्रू कुठे आहे आणि त्याचे किती तास उरलेत, हे ज्या क्षणी आम्हाला कळेनासं होतं, त्या क्षणी कंपनी कोलमडते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत साउथवेस्ट या विमान कंपनीचं हेच झालं. हिवाळी वादळ सगळ्याच कंपन्यांवर आलं होतं, बाकीच्या दोन-तीन दिवसांत सावरल्या. साउथवेस्टचं क्रू नेमणारं सॉफ्टवेअर मात्र इतक्या बदलांचा पाठलाग करू शकलं नाही. वैमानिक विमानतळावर हजर, विमानं हजर, पण कोण कुठे आहे हे प्रणालीला ठाऊक नाही. क्रूचे लोक स्वतः फोन करून ‘मी इथे आहे’ सांगायला तासन्‌तास रांगेत. १६ हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली आणि पुढच्या वर्षी अमेरिकी वाहतूक खात्याने १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

आता निरभ्र आकाशाकडे येऊ. विमानाला तुमच्या शहरातून निघायला आकाश मोकळं असणं पुरत नाही. वाटेतल्या प्रत्येक हवाई क्षेत्रात आणि पोचण्याच्या धावपट्टीवर जागा लागते. युरोपात याचं नियोजन ब्रसेल्समधून युरोकंट्रोल ही संस्था करते. गर्दी होणार असं दिसलं की ते तुमच्या उड्डाणाला एक नेमकी वेळ देतात, स्लॉट. त्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत चाकं जमिनीवरून उचलली गेली पाहिजेत. चुकली तर नवा स्लॉट, आणि तो तासाभरानंतरचाही असू शकतो. याच कारणाने तुम्हाला विमानात बसवून दारं लावून ठेवतात. ‘बसवलंत कशाला, टर्मिनलमध्ये बसलो असतो’ हे लोकांचं म्हणणं मला कळतं, पण दारं बंद करून ‘आम्ही तयार आहोत’ असा संदेश पाठवला तरच आधीचा रिकामा झालेला स्लॉट मिळण्याची शक्यता असते. टर्मिनलमध्ये विखुरलेले १८० लोक घेऊन तो संदेश पाठवता येत नाही.

धुक्याचंही असंच. पहाटे धुकं होतं, नऊला विरलं, तरी दुपारी तीनच्या फ्लाइटला उशीर का? कमी दृश्यमानतेत उपकरणांच्या साहाय्याने उतरताना धावपट्टीजवळच्या रेडिओ संकेतांना अडथळा येऊ नये म्हणून दोन विमानांतलं अंतर वाढवतात. तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते. ती तुंबलेली विमानं पुढचे सगळे सेक्टर उशिराच करतात, आणि मग लागतो कोड ९३.

काही वेळा कारण इतकं विचित्र असतं की ते घोषणेत सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. २८ ऑगस्ट २०२३ ला ब्रिटनची हवाई वाहतूक व्यवस्था एका फ्लाइट प्लॅनमुळे ठप्प झाली. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणारं विमान होतं. त्याच्या मार्गात ‘डीव्हीएल’ असं सांकेतिक नाव असलेले दोन वेगळे बिंदू होते, एक अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातला डेव्हिल्स लेक, दुसरा फ्रान्समधला दोव्हिल. संगणकाला दोन्हींचा मेळ लागेना. चुकीची माहिती हवाई वाहतूक नियंत्रकांकडे जाऊ नये म्हणून त्याने स्वतःला बंद केलं. पर्यायी संगणक चालू झाला. त्यात तेच सॉफ्टवेअर, त्यानेही तोच फ्लाइट प्लॅन वाचला आणि तोही बंद पडला. सात लाखांहून जास्त प्रवाशांना त्याचा फटका बसला. हवामानाचा त्यात काहीही हात नव्हता.

विमान मागे सरकतं आणि मग टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अर्धा तास उभं राहतं, त्याला दोन कारणं असतात. पहिलं खरंखुरं: गेट दुसऱ्या येणाऱ्या विमानाला हवं असतं. दुसरं थोडं लाजिरवाणं. दारं बंद झाली आणि पार्किंग ब्रेक सुटला की विमानातली प्रणाली ‘निघालं’ अशी वेळ आपोआप आमच्याकडे पाठवते आणि वक्तशीरपणाच्या खात्यात ती फ्लाइट वेळेवर निघाल्याची नोंद होते. अमेरिकेत मात्र प्रवाशांना देशांतर्गत उड्डाणात तीन आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणात चार तासांपेक्षा जास्त असं बसवून ठेवता येत नाही. म्हणून तिथे रांगेत सातव्या नंबरवर पोचलेलं विमानही कधीकधी वळून गेटवर येतं आणि रांगेत पुन्हा शेवटी जातं.

बिघाडाबद्दल थोडक्यात. प्रत्येक विमानात रोज काही ना काही बंद असतं, आणि ते चालतं. काय बंद असताना उडता येतं, कोणत्या अटींवर, किती दिवसांत दुरुस्त करायचं, याची नियामकाने मंजूर केलेली यादी असते, एमईएल. ब वर्गातली वस्तू ३ दिवसांत, क वर्गातली १० दिवसांत, ड वर्गातली १२० दिवसांत नीट करावी लागते. शेपटीतलं छोटं इंजिन, एपीयू, बंद असताना विमान उडवता येतं. पण मग गेटवर वीज आणि इंजिन सुरू करायची दाबाची हवा बाहेरून द्यावी लागते आणि तोवर केबिनमध्ये लोक घामाघूम होतात. जिथे जायचं तिथे हवेची गाडीच नसेल, तर तयार विमानही तिथे पाठवता येत नाही. ‘कागदपत्रं पूर्ण होताहेत’ ही घोषणा लोकांना बहाणा वाटते. खरं तर इंजिनिअरची सही झाल्याशिवाय ते विमान कायद्याने उडण्यायोग्य नसतं.

कुणी प्रवासी चेक-इन करून गेटवर आला नाही की त्याचं सामान उतरवतात, आणि सगळे त्या अनोळखी माणसाला शिव्या देतात. हा नियम रक्ताने लिहिला गेलाय. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं १८२ क्रमांकाचं ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ जण गेले. बॉम्ब चेक-इन केलेल्या बॅगेत होता आणि ती बॅग देणारा माणूस विमानात चढलाच नव्हता. २१ डिसेंबर १९८८ ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन ॲम या अमेरिकी कंपनीच्या १०३ क्रमांकाच्या विमानाचं तेच झालं, २७० मृत्यू. तेव्हापासून प्रवाशाशिवाय त्याची बॅग आंतरराष्ट्रीय उड्डाणात जाऊ देत नाहीत, तिची स्वतंत्र सुरक्षा तपासणी झाली असेल तर वेगळं. बॅग पोटात इतरांच्या बॅगांखाली असते, ती शोधायला पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात स्लॉट हुकला तर तास.

विमान दुसरीकडे वळवलं की लोक विचारतात, अजून थोडा वेळ घिरट्या का नाही मारल्या? इंधनाचा हिशेब ठरलेला असतो: प्रवासाचं इंधन, त्यावर साधारण पाच टक्के राखीव, पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन, आणि सगळ्यात शेवटी ३० मिनिटांचं असं, ज्याला हात लावायची वेळ येणार असं दिसलं तर वैमानिकाला थेट ‘मेडे’, म्हणजे संकटाचा इशारा, जाहीर करावा लागतो. जास्त भरून का नेत नाही? नेतो, हवामान खराब दिसलं की मी स्वतः भरायला लावते. पण जादा इंधनाच्या वजनापैकी तासाला तीन-चार टक्के ते वाहून नेण्यातच जळतं. त्यामुळे लांबच्या उड्डाणात हात मोकळा सोडता येत नाही. वळवलेल्या विमानाची खरी रखडपट्टी उतरल्यावर सुरू होते. तिथे त्याच वेळी दहा विमानं उतरलेली असतात, शिड्या तीन, इंधनाचे टँकर दोन, आणि क्रूचं घड्याळ चालूच.

आता ती अर्ध्या-अर्ध्या तासाची घोषणा. इंजिनिअर म्हणतो, ‘एक भाग बदलून बघतो, चालला तर चाळीस मिनिटं, नाही तर तीन तास.’ आम्ही तीन तास जाहीर केले आणि लोक पांगले, आणि भाग चालला, तर विमान तयार आणि प्रवासी नाहीत. स्लॉट गेला, क्रूचे तास गेले. म्हणून कंपन्या आशेवरचा आकडा देतात आणि तो पुढे ढकलत राहतात. कारण समजतं मला, पण ही सवय वाईट आहे. बरोबर पद्धत सोपी आहे: ‘बिघाड अमुक आहे, पुढची माहिती सव्वासातला देऊ, तोवर लांब जाऊ नका.’ काही कंपन्या असं करतात, आणि त्यांच्या गेटवर आरडाओरडा खरोखर कमी असतो.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. गेटवर ‘उशीर का?’ असं विचारलंत तर तेच छापील उत्तर मिळेल. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा: विमान आत्ता कुठे आहे, क्रूचे तास किती वाजेपर्यंत आहेत, स्लॉट कितीचा आहे. यातल्या एकाचं जरी उत्तर मिळालं तरी तुम्हाला घोषणेपेक्षा जास्त कळलेलं असेल. पहिल्याचं उत्तर तर तुम्ही स्वतः शोधू शकता. फ्लाइट ट्रॅकिंगच्या कुठल्याही ॲपवर तुमच्या फ्लाइटचं विमान, म्हणजे त्याचा नोंदणी क्रमांक, बघा आणि ते आत्ता कोणता सेक्टर करतंय ते पाहा. ते अजून दोन तास लांब हवेत असेल आणि बोर्डावर ‘वेळेवर’ लिहिलं असेल, तर बोर्डावर विश्वास ठेवू नका. अर्थात आम्ही टेल स्वॅप केला तर हाच अंदाज पालथाही पडतो, म्हणून गेटपासून फार दूर जाऊ नका. उशीर कमीही होतो, आणि तेव्हा आम्ही थांबत नाही.

ज्या दिवशी पोचणं फार महत्त्वाचं आहे त्या दिवशी सकाळची पहिली फ्लाइट घ्या. तिचं विमान बहुधा रात्रीच तिथे येऊन उभं असतं, तिच्यामागे दुसऱ्या कुणाचा उशीर नसतो. शेवटची फ्लाइट सगळ्यात जोखमीची, कारण दिवसभराचा साचलेला उशीर तिच्यावर येतो, क्रूचे तास तिथेच संपतात आणि तिच्यानंतर तुम्हाला बसवायला काही उरत नाही.

रद्द झालीच, तर काउंटरच्या रांगेत उभं राहा, पण उभ्या-उभ्या ॲप उघडा आणि कंपनीला फोनही लावा. पुढच्या फ्लाइटमध्ये वीस जागा असतील तर त्या वीस पहिल्या लोकांना मिळतात, मग ते कोणत्या रांगेतून आले याला महत्त्व नसतं. आणि चेक-इन केलेली बॅग लगेच मागून घ्या किंवा ती नव्या फ्लाइटवर टाकल्याची खात्री करा. रद्द झालेल्या फ्लाइटच्या बॅगा प्रत्येक ठिकाणी आपोआप बाहेर पट्ट्यावर येतातच असं नाही. काही ठिकाणी मागितल्याशिवाय त्या आतच राहतात. म्हणून औषधं आणि चार्जर हातातल्या बॅगेतच ठेवा.